मी घाट अकरा मिनिटांत चढलो नाही

या अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी अंगणात माझ्या जुन्या गाडीखाली आडवा पडलो होतो. "गावंडे सर, ड्रायव्हिंग स्कूलच्या आठवणी लिहा," ते म्हणाले. "अर्ध्या तालुक्याले गाडी शिकवली तुमी. अन् तो अकरा मिनिटांचा किस्सा पाहिजेच बरं का. त्याच्याशिवाय मजा नाही."

म्हटलं, लिहितो. तोच लिहितो. फक्त या वेळी खरा लिहितो.

घाटंजीहून यवतमाळकडे निघालं की जंगलात आमचा एक घाट लागतो. सह्याद्रीकडच्या माणसाला तो दाखवला तर तो इकडेतिकडे पाहून विचारील, "घाट कुठे आहे?" अकरा किलोमीटरचा चढ आणि नऊ वळणं, एवढंच. दरी फोटो काढण्याइतकी खोल नाही, पण माणूस मरायला पुरते.

लोक सांगतात तो किस्सा असा. स्कूल काढायच्या आधी मी घाटंजी-यवतमाळ सवारी जीप चालवायचो. एका तांड्यावरची बाई बाळंतपणात अडली. गावंडेने तिला जीपमध्ये घातलं आणि मिनिटाला एक किलोमीटर या हिशेबाने, दोन चाकांवर वळणं घेत, अकरा मिनिटांत घाट चढवला. दवाखान्याच्या पायरीवर मूल झालं. डॉक्टर म्हणाले, पाच मिनिटं उशीर झाला असता तर दोघंही गेले असते. काहींच्या सांगण्यात माझे ब्रेक फेल झालेले असतात. एकाने तर रस्त्यात वाघ बसवला होता आणि मी त्याच्यावरून जीप उडवली होती. वाघाचं मी कधीच कबूल केलं नाही. बाकीचं कधी नाकारलंही नाही.

खरं काय झालं ते सांगतो.

दुपारची वेळ होती. बाई कळांनी विव्हळत होती, सोबत नवरा आणि सासू. सपाटीवर मी जीप अशी पळवली की मागचं स्टेपनी टायर नाचत होतं. पहिल्या वळणावर बाई इतक्या जोराने ओरडली की माझा पाय आपोआप उचलला गेला. दुसऱ्या वळणावर मी पुन्हा दाबली, तर सासूने मागून माझ्या मानेवर रट्टा घातला. हातभर पांढऱ्या बलोया, म्हणजे जाड बांगड्या, घातलेला हात होता तो. तीन दिवस मान फिरली नाही. "भिया, तिले दवाखान्यात न्यायचं का वर पाठवायचं?" म्हातारी म्हणाली. भिया म्हणजे भाऊ. तेवढ्या संतापातही तिने मला भाऊ म्हटलं, हे आता माझ्या लक्षात येतं.

तिथून पुढे म्हातारीच गाडी चालवत होती म्हणा. मी फक्त स्टिअरिंग धरलं होतं. पहिला गिअर, दुसरा गिअर, खड्डा दिसला की थांब. सहाव्या वळणाच्या पुढे ती म्हणाली, "उभी कर." चाकाखाली दगड लावले. नवरा आणि मी रस्त्याच्या पलीकडे तोंड फिरवून उभे राहिलो. अर्ध्या तासाने मूल रडलं. मुलगी होती. मग आम्ही बैलगाडीच्या चालीने वर गेलो. सगळं मिळून एक तास आणि अकरा मिनिटं लागली.

आता यातला तास कुठे गेला? घाटाच्या पायथ्याला एक चहाची टपरी होती, वर एक पानठेला. टपरीवाल्याने मला बरोबर दोन वाजता खालून जाताना पाहिलं. पानठेलेवाल्याने वर पाहिलं तेव्हा त्याच्या घड्याळात दोन वाजून अकरा मिनिटं झाली होती. ते घड्याळ तासभर मागे होतं आणि हे त्याच्या गिऱ्हाइकांना माहीत होतं. पण दुसऱ्या दिवशी टपरीवाला आणि पानठेलेवाला बाजारात भेटले आणि त्यांनी वजाबाकी केली.

आठवड्यात पेपरला बातमी. गावात सत्कार. शाल, नारळ, हार. मी तोंड उघडणार होतो, खरंच उघडणार होतो. पण हार एकदा गळ्यात पडला की हनुवटी वर होते आणि तोंड आपोआप मिटतं. तांड्यावरचं ते कुटुंब कामासाठी तेलंगणाकडे निघून गेलं होतं. खरं सांगणारं कोणी उरलं नाही, आणि मला काही घाई नव्हती.

एक कबुली इथेच देऊन टाकतो, नाहीतर पुढचं सगळं ढोंग वाटेल. वेगाने घाट चढण्यात मजा असते. सकाळी जीप रिकामी असली की मी ती मजा घ्यायचो. वळणाच्या तोंडाशी गिअर खाली टाकायचा, इंजिन गुरगुरतं, अंग एका बाजूला ओढलं जातं, सागाची झाडं दरवाज्याला घासून गेल्यासारखी मागे पळतात, आणि वळण संपताना गाडी सरळ होते तेव्हा वाटतं, हा रस्ता आपणच आता वळवला. बायको, भाऊबंद, जीपचा मालक, कोणाचाच आवाज त्या वेळी डोक्यात नसतो. रिकाम्या जीपने माझा चांगल्यात चांगला वेळ एकोणीस मिनिटांचा होता. त्या दिवशी आठव्या वळणावर मागचं चाक कडेच्या मुरमावर घसरलं आणि मी वर पोचल्यावर दहा मिनिटं खाली उतरलो नाही. त्याचा सत्कार कोणी केला नाही.

पुढे मी ड्रायव्हिंग स्कूल काढलं. आमचा धंदा बाहेरच्यांना सोपा वाटतो. शिकाऊ माणूस उजवीकडे बसतो, आम्ही डावीकडे. आमच्या पायाखाली जादा ब्रेक आणि क्लच असतो. तोंडाने "शाब्बास, छान" म्हणायचं आणि पायाने जीव वाचवायचा, हे कसब आहे. घाटाचा धडा मी शेवटच्या आठवड्यात ठेवायचो. चढणाऱ्याला आधी वाट द्या. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. उतारावर न्यूट्रल करू नका. पुढचं दिसत नसेल तिथे हॉर्न द्या.

हा शेवटचा धडा आमच्याकडे कोणालाच पटला नाही. घाटात तिसऱ्या वळणाआधी सरळ रस्त्याला मारोतीचं ठाणं आहे. तिथे प्रत्येक जण हॉर्न वाजवून नमस्कार करतो. पुढच्या आंधळ्या वळणावर मात्र सगळे चिडीचूप. एका विद्यार्थ्याला विचारलं, "इथे काहून नाही वाजवला?" तो म्हणाला, "आत्ताच वाजवला ना जी मारोतीजवळ. तो पाहते पुढचं."

एक निवृत्त मुख्याध्यापक शिकायला आले होते. रस्त्यात जुना विद्यार्थी दिसला की दोन्ही हात सोडून आशीर्वाद द्यायचे. त्यांचे विद्यार्थी पंचक्रोशीत पसरलेले. त्या महिन्यात ब्रेक दाबून दाबून माझ्या उजव्या पायाची पोटरी फुगून आली.

पण खरा त्रास वेगळाच होता. पहिल्या दिवशी अर्ज भरताना जवळजवळ प्रत्येक जण खाली वाकून हळूच विचारायचा, "सर, ते अकरा मिनिटाचं कवा शिकवता?" मी गूढ हसायचो. त्या हसण्यावर माझं स्कूल चाललं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तालुक्यात आणखी दोन स्कूल होती. त्यांचे मास्तर माझ्यापेक्षा चांगले शिकवायचे. त्यांच्याकडे किस्सा नव्हता.

अमोल माझ्या शेवटच्या तुकड्यांतला. वय पस्तिशीचं, घरची कापूस-सोयाबीनची शेती, बाजारात बियाण्यांचं दुकान. हात चांगला होता त्याचा, आणि हात चांगला असलेल्या माणसाची मला नेहमी धास्ती वाटायची. त्याने नवी गाडी घेतली आणि बायकोला घेऊन कळंबच्या चिंतामणीला गाडीची पूजा करायला निघाला. सकाळी साडेनऊची वेळ. बायको पल्लवी बाजूला बसलेली, मांडीवर पूजेचं ताट. मोबाइल समोर काचेला चिकटवलेला, शूटिंग चालू.

सहाव्या वळणावर समोरून चाऱ्याचा भारा घेऊन मोटारसायकल आली. अमोलने तिला वाचवलं, एवढं मान्य केलं पाहिजे. गाडी कडेवरून खाली गेली, दोन कोलांट्या खाल्ल्या आणि सागाच्या झाडाला अडकली. अमोलचा पाय दोन ठिकाणी मोडला. पल्लवीचा डावा हात दरवाज्यात चेमटला. मोबाइलला ओरखडाही नाही.

दुपारपर्यंत ते शूटिंग तालुकाभर फिरलं. मलाही सात जणांनी पाठवलं. लोकांनी त्यात गाडी उलटताना पाहिली. मी आवाज ऐकला. अमोल म्हणतो, "पाच वळणं झाली, सहा मिनिटं बी नाही झाली. गावंडे सरायचा रेकॉर्ड गेला आज." आणि पल्लवी म्हणते, "अवो, हळू ना. हळू ना." मग ताट पडल्याचा आवाज येतो.

देवाला निघालेल्या त्या गाडीत शेवटचं नाव घेतलं गेलं ते माझं. चिंतामणीचं नाव कोणी घेतलंच नव्हतं.

गावात निदान लगेच झालं. पूजा करायच्या आधीच गाडी घाटात घातली, म्हणून झालं.

चौथ्या दिवशी मी यवतमाळच्या दवाखान्यात गेलो. अमोल पाय टांगून पडला होता. शेजारी खुर्चीवर पल्लवी, हाताला बँडेज. मी सगळं सांगितलं, म्हातारीचा रट्टा, चाकाखालचे दगड, पानठेल्याचं घड्याळ.  अमोलने शांतपणे ऐकून घेतलं.

"सर," तो म्हणाला, "मले बरं वाटावं म्हणून कायले खोटं बोलता?"

"अरे, खोटं नाही. तेच खोटं होतं."

"राहू द्या जी. माझी लाइन चुकली सहाव्याले, मले समजलं. जरा बाहेरून घ्यायले पाहिजे होती ना?"

पल्लवीने खुर्ची जरा पुढे ओढली. तिने विचारलं, "सर, त्या बाईचं नाव काय होतं?"

 इतक्या वर्षांत मला लोकांनी विचारलं होतं, गिअर कोणता होता, टायर कोणत्या कंपनीचे होते, वळणावर काटा कितीवर होता. नाव कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"अन् सगळीकडे गोष्ट तुमचीच." ती रागावलेली नव्हती. बँडेजकडे पाहत म्हणाली, "मी ब्लाउज शिवतो सर. डाव्या हातानं कपडा सरकवा लागते. डॉक्टर म्हणते, दोन बोटं वाकणार नाहीत."

मी घरी आलो आणि दोन दिवस स्कूल बंद ठेवलं.

पुढच्याच महिन्यात घाटाच्या माथ्यावर रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम ठेवला होता. प्रमुख पाहुणा म्हणून मला बोलावलं. वेग कमी करा हे सांगण्यासाठी तालुक्यातला सगळ्यात वेगवान माणूस निवडला होता. एका साहेबांनी ओळख करून दिली, "ज्यांनी हा घाट अकरा मिनिटांत सर केला..." टाळ्या. पुढे साहेब म्हणाले, "तरुणांनी त्यांचा आदर्श घ्यावा आणि सावकाश जावं."

मी उभा राहिलो आणि माइकवरून सगळं सांगितलं. शब्दही गाळला नाही. एक तास अकरा मिनिटं, असं दोनदा म्हणालो.  मग साहेब उठले, त्यांनी माझा हात हातात घेतला आणि माइकवर म्हणाले, "केवढा हा विनय!" सगळा मांडव टाळ्यांनी दणाणला. मला वाटतं, खोट्या सत्कारालाही एवढ्या टाळ्या पडल्या नव्हत्या.

टाळ्या न वाजवणारा एकच माणूस होता. पानठेलेवाला. आता म्हातारा झालाय. ठेल्याचं मोठं हॉटेल झालंय, भिंतीवर "अकरा मिनिट पॉइंट" असं रंगवलंय आणि पोरं तिथे उभी राहून फोटो काढतात. तो काठी आपटत उठला. "माझं घड्याळ मागे नव्हतं!" तो ओरडला. "माया घड्याळाची बदनामी करू नका, सांगून ठेवतो!"

"काका, तासभर मागे होतं. तुमालेही माहीत होतं."

"तुमच्या जीपचा वेग तुमाले काय माहीत? तुमी तं चालवत होते. आमी पाह्यलं!"

लोकांनी त्याला खाली बसवलं. मला शाल घातली. परत येताना गाडीत मी ती मागच्या सीटवर टाकली आणि घरी आल्यावरही तिथेच राहू दिली.

दिवाळीनंतर पल्लवी स्कूलच्या दारात उभी राहिली. अमोलचा पाय अजून प्लास्टरमध्ये होता. दर पंधरा दिवसांनी यवतमाळला दाखवायला न्यावं लागायचं, आणि दर वेळी कोणाच्या तरी हातापाया पडावं लागायचं.

"मले गाडी शिकवा," ती म्हणाली. "पण आधी सांगा, ह्या हातानं जमंल का?"

आमच्या गाड्यांत गिअर डाव्या हाताला असतो. तिची दोन बोटं ताठ राहिली होती. मी म्हटलं, पाहू. तिने गिअरच्या मुठीवर तळवा ठेवला, मनगटाने ढकलला आणि दुसरा गिअर पडला. पडला म्हणण्यापेक्षा तिने तो बसवला. आठ दिवसांत तिला समजलं की गिअर बदलायला तिला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून वळण यायच्या खूप आधी ती तयार असायची. माझ्या हाताखालून इतके लोक गेले, ही गोष्ट शिकवून कोणाला आली नव्हती.

चढावर थांबवून धरायला शिकताना गाडी तीन वेळा बंद पडली. चौथ्यांदा बंद पडल्यावर पल्लवीने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. मी म्हणालो, "आज पुरे."

"नाही," ती म्हणाली. "आता वर चढल्याशिवाय मी उतरत नाही." आणि चढली.

रीतसर लायसन्स मिळाल्यावर तिने पहिल्यांदा घाट घेतला तेव्हा मी डावीकडे बसलो. त्यांची दुरुस्त करून आणलेली गाडी, त्यामुळे माझ्या पायाखाली ब्रेक नव्हता, नुसती चटई होती. मागच्या सीटवर अमोल, पाय आडवा करून. घाट लागल्याबरोबर त्याचं शिकवणं सुरू झालं.

"तिसरा टाक ना. टाक. अवं, काय करून राह्यली? मागं लाइन लागली पाहा."

पुढे कापसाच्या गाठी भरलेला ट्रक चढत होता. मुंगीच्या पावलाने. पल्लवीने त्याच्यामागे चांगलं दोन-तीन गाड्यांचं अंतर ठेवलं होतं. मागून हॉर्न. एक जीप आम्हाला ओलांडून गेली, आतल्या पोरांनी हात हलवून काहीतरी म्हटलं. मग ट्रकही ओलांडला, वळणावरच. मी डोळे मिटून घेतले. काही झालं नाही. असंच होतं, दहापैकी नऊ वेळा काही होत नाही, आणि त्या नऊ वेळाच माणसाला शिकवतात.

"पाह्यलं?" अमोल म्हणाला. "निंगाली की नाही ती? तूही काढ. आता मोकळं आहे. सर, तुमी तं सांगा तिले!"

 पल्लवीने दुसरा गिअर सोडला नाही. सातव्या वळणावर चढ जास्त उभा आहे. तिथे ट्रकवाल्याचा गिअर चुकला असावा. इंजिन घरघरलं, ट्रक थांबला आणि मागे सरकायला लागला. हळू, मग जरा वेगाने. गाठींचा तो डोंगर काचेत मोठा होत गेला. माझा पाय चटईवर जोरात दाबला गेला. पल्लवीने हॉर्न दाबला आणि सोडला नाही. तिची नजर ट्रकवरून आरशात गेली, मागच्या गाड्या हॉर्न ऐकून दूरच थबकल्या होत्या. तिने तळव्याने रिव्हर्स टाकला आणि आरशात पाहत गाडी मागे घ्यायला लागली, तिरकी नाही, सरळ. ट्रकचं मागचं फळकूट बोनेटपासून हातभर अंतरावर थांबलं.

  ट्रकने दोन हिसके दिले, पुन्हा चढायला लागला. वर रुंद जागा आल्यावर ट्रकवाल्याने गाडी बाजूला घेतली आणि खाली उतरून आमच्याकडे आला. वणीकडचा दणकट, पांढऱ्या मिशांचा माणूस. मला वाटलं, भांडणार. त्याने वाकून खिडकीतून आत पाहिलं, आधी मला, मग मागे अमोलला, आणि शेवटी पल्लवीला.

"बाई, तुमी होत्या का?" तो म्हणाला. "मी आरशात पाहून राह्यलो होतो. मले वाटलं, गेली गाडी खाली. चाळीस वर्षं झाली गाडी चालवून राह्यलो, अंतर ठेवणारं माणूस आज भेटलं. कोणाजवळ शिकल्या?"

मी सीटवर थोडा सरळ झालो. खोटं कशाला सांगू, झालोच.

"माझ्याजवळ," मागून अमोल म्हणाला. "मीच शिकवलं तिले."

पल्लवीने आरशात त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझा चेहरा पाहून तिला हसू फुटलं. खळखळून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसत राहिली आणि उलट्या हाताने डोळे पुसत राहिली. ट्रकवाला गोंधळून बाजूला झाला.

"भाऊ," शेवटी ती त्याला म्हणाली, "माझं नाव पल्लवी. आता तुमची गाडी पुढं होऊ द्या. मले घाई नाही."